बिडाची कढई आणि कोबीची भाजी : दोन हिवाळ्यांच्या वापरानंतर

दोन वर्षांपूर्वी, बाजारात कोबीचे घट्ट आणि जड गड्डे दिसू लागले होते त्या थंडीच्या दिवसांत, मी पुण्याच्या रविवार पेठेतल्या भांड्यांच्या एका दुकानातून बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई विकत घेतली. काठापासून काठापर्यंत २६ सेंटिमीटर, मध्यभागी सुमारे ८ सेंटिमीटर खोल, दोन्ही बाजूंना ओतीव कान आणि घरच्या काट्यावर ३ किलो २०० ग्रॅम वजन, अशी ही कढई मला १,६५० रुपयांना पडली. झाकण त्यात धरलेले नव्हते. तेव्हापासून ती आठवड्यातून चार-पाच वेळा तरी शेगडीवर चढते आणि तिच्यात सर्वांत जास्त वेळा शिजलेली भाजी कोबीची आहे. म्हणून हा अभिप्राय मी कोबीच्याच आधाराने लिहिते आहे. बटाट्याची भाजी साधारण कोणत्याही भांड्यात बरी होते. कोबी मात्र भांड्याची खरी परीक्षा घेतो, आणि ही कढई घ्यावी की घेऊ नये याचा निर्णय ज्यांना करायचा आहे त्यांना ती परीक्षा कशी पार पडली हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

कोबीला आपल्याकडे फार कमी लेखले जाते. खानावळीच्या ताटात किंवा वसतिगृहाच्या जेवणात येणारी फिकट पिवळी, खाली पाणी सुटलेली, उकडल्याचा वास येणारी भाजी अनेकांनी इतक्या वेळा खाल्लेली असते, की पुढे घरी कोबी आणायचा म्हटले तरी त्यांचे तोंड वाकडे होते. तो सगळा दोष कोबीच्या माथी मारला जातो. माझी मात्र आता खात्री झाली आहे, की त्यातला मोठा वाटा भांड्याचा, आचेचा आणि मीठ घालण्याच्या वेळेचा असतो. कोबीत वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी असते, म्हणजे अर्धा किलो चिरलेला कोबी आपण कढईत टाकतो तेव्हा जवळजवळ ४६० ग्रॅम पाणीच तिच्यात टाकत असतो. ते पाणी पानांतून बाहेर येऊ लागल्यावर त्याची ताबडतोब वाफ झाली तर भाजी मोकळी होते, कडांना तांबूस रंग चढतो आणि कोबीची अंगची गोडी वर येते. ते पाणी भांड्याच्या तळाशी साचून राहिले तर कोबी स्वतःच्याच पाण्यात उकडला जातो, आणि मग वरून कितीही खोबरे-कोथिंबीर पेरली तरी त्या भाजीला चव येत नाही.

पातळ भांड्याची अडचण नेमकी इथेच असते. फोडणी तडतडत असताना ते चांगले तापलेले असते, पण गार कोबीचा ढीग पडला की त्याची उष्णता क्षणात ओसरते आणि पुन्हा ताव धरेपर्यंत पाणी सुटलेले असते. बिडाच्या कढईत तीन किलोंहून अधिक धातू तापून बसलेला असतो, त्यामुळे कोबी पडल्यावरही तिचा ताव लवकर उतरत नाही. या एका गुणासाठी मी तिचे वजन, तिचा सांभाळ आणि तिचे नखरे सहन करते, आणि दोन हिवाळ्यांनंतर सांगते की ते सहन करण्याजोगे आहेत.

या गुणाला जोडूनच एक गैरसमज आहे, तो आधी दूर केला पाहिजे. बीड लवकर तापते किंवा सगळीकडे सारखे तापते असे अनेकजण समजतात, पण तसे नाही. उष्णता पसरवण्याच्या बाबतीत ते ॲल्युमिनियमच्या खूप मागे आहे. मोठ्या आचेवर एकदम ठेवले तर ज्योतीच्या वरचा भाग धगधगतो आणि कडा कोमटच राहतात, आणि अशा कढईत घातलेली मोहरी मध्यभागी जळते तर कडेला तडतडतही नाही. सुरुवातीच्या आठवड्यात माझ्या दोन फोडण्या अशाच जळाल्या. आता मी कढई रिकामीच मंद आचेवर पाच-सहा मिनिटे ठेवते, तेवढ्या वेळात कोबी चिरून होतो, आणि मगच तेल घालते. घाईच्या सकाळी ही पाच मिनिटे जड वाटतात, पण पुढे भाजी लवकर उरकत असल्याने एकूण वेळ काही वाढत नाही.

घेतल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांविषयी स्पष्टपणे लिहिले पाहिजे, कारण याच काळात पुष्कळजण नव्या बिडाच्या भांड्याला कंटाळून ते माळ्यावर टाकतात. दुकानदाराने कढई ‘तयार’ म्हणजे तेलाचा थर बसवलेली आहे असे सांगितले होते. प्रत्यक्षात तिला कारखान्यातल्या तेलाचा उग्र वास होता, आतली बाजू हाताला खरखरीत लागत होती आणि पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर फडके काळे होत होते. मी ती गरम पाण्याने घासून घेतली, दोन दिवस भाताच्या पेजेत बुडवून ठेवली, मग कोरडी करून शेंगदाणा तेलाचा अगदी पातळ हात फिरवला आणि धूर निघेपर्यंत तापवली. ही तेल लावून तापवण्याची क्रिया चार-पाच वेळा करावी लागली. तेलाचा जाड थर दिला तर तो चिकट राहतो, म्हणून लावलेले तेल जणू पुसून टाकायचे आहे अशा रीतीने कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. उरते तेवढेच पुरेसे असते, आणि तापल्यावर तेच घट्ट होऊन धातूला धरून बसते. त्यानंतर पहिले आठ दिवस मी तिच्यात फक्त कांदा परतला आणि तो कांदा टाकून दिला. हे सगळे विकत घेणाऱ्याने करावे अशी अपेक्षा असेल तर दुकानात तसे सांगायला हवे होते, एवढी माझी तक्रार आहे.

आता मुख्य परीक्षेकडे येते. कढई तयार झाल्यावर एका रविवारी मी दीड किलोचा एक गड्डा घेतला, तो एकाच जाडीचा चिरला आणि त्याचे सारखे तीन वाटे केले. एक वाटा आमच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या कढईत, दुसरा स्टीलच्या पातेल्यात आणि तिसरा या बिडाच्या कढईत, तेल, मोहरी, हिंग, हळद आणि दोन-दोन हिरव्या मिरच्या सगळीकडे सारख्या घालून, एकामागून एक त्याच शेगडीवर शिजवला. ॲल्युमिनियमच्या कढईतला कोबी सर्वांत लवकर मऊ झाला, परंतु तळाशी पाणी साचले आणि ते आटेपर्यंत कोबीचा रंग उतरला. स्टीलच्या पातेल्यात मध्यभागी लागला आणि कडेचा कच्चा राहिला, त्यामुळे सारखे हलवावे लागले आणि हलवून हलवून काही पाने तुटून त्यांचा लगदा झाला. बिडाच्या कढईत झाकण न ठेवता पहिली चार मिनिटे मी कोबीला हातही लावला नाही. नंतर उलथन्याने खालून वर केला तेव्हा खालच्या थराच्या कडा बदामी झालेल्या होत्या आणि वरचा हिरवा रंग तसाच होता. आणखी सहा-सात मिनिटांत भाजी तयार झाली. जेवताना कोणती भाजी कशातली हे मी सांगितले नव्हते. सासूबाईंनी तिसऱ्या वाटीतला घास घेतला आणि विचारले, “यात साखर घातलीस का गं?” मी म्हटले, “नाही आई, तिन्हींत काहीच वेगळे घातलेले नाही.” त्या स्वतः गेली चाळीस वर्षे कोबीच्या भाजीत चिमूटभर साखर घालत आल्या आहेत, आणि या कढईतल्या भाजीत ती घालण्याची गरज राहिली नाही हे त्यांनी मान्य केले.

ही गोडी कोबीत मुळातच असते. त्यात थोड्या नैसर्गिक शर्करा असतात, आणि पाणी निघून गेल्यावर कडा तापलेल्या धातूला टेकतात तेव्हा त्या तांबूस होऊन खमंग चव देतात. कोबी पाण्यात बसला की त्याचे तापमान उकळत्या पाण्याच्या वर जाऊच शकत नाही, आणि तो खमंगपणा तेवढ्या उष्णतेवर येत नाही. उकडल्याच्या वासाचे कारणही याच्याशी जोडलेले आहे. कोबीत गंधकयुक्त संयुगे असतात. जितका जास्त वेळ तो ओलसर उष्णतेत शिजत राहतो तितकी ती मोडत जातात आणि घरभर तो परिचित जड वास पसरतो. दहा-बारा मिनिटांत उरकलेल्या भाजीला तो वास जवळपास येतच नाही. आमच्या जिन्यात शेजाऱ्यांकडे कोबी शिजतो आहे हे दारापासून कळते, आमच्याकडचा आता कळत नाही, आणि या फरकाचे मला मनापासून समाधान आहे.

मिठाच्या वेळेविषयी दोन शब्द लिहिते, कारण कढई कितीही चांगली असली तरी इथे चूक झाल्यास तिचा उपयोग होत नाही. मीठ कोबीतले पाणी ओढून बाहेर काढते. साध्या परतलेल्या भाजीत मी मीठ अगदी शेवटी, कडा बदामी झाल्यावर घालते आणि मिनिटभर हलवून आच बंद करते. पीठ पेरून करायच्या भाजीत मात्र याच्या उलट करायचे असते, आणि हे समजायला मला बराच काळ लागला. तिथे बेसनाला शिजण्यासाठी ओलावा हवा असतो. म्हणून कोबी कढईत पडला की लगेच मीठ घालावे, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे पाणी सुटू द्यावे, आणि ते पाणी दिसू लागले की कोबीवर चार-पाच मोठे चमचे बेसन हाताने एकसारखे भुरभुरावे. बेसन पेरल्यावर लगेच हलवू नये. झाकणावर थोडे पाणी ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे वाफ आणावी, मग कडेने चमचाभर तेल सोडून उलथन्याने खालून वर करावे.

ही पीठ पेरलेली भाजी बिडाच्या कढईचे सर्वांत मोठे यश आहे असे माझे मत आहे. पातळ भांड्यात बेसन तळाला घट्ट चिकटते, खरवडून काढावे लागते आणि जळकट वास भाजीभर पसरतो. चिकटू नये म्हणून तेल वाढवले तर भाजी तेलकट होते. सहा महिने वापरून गुळगुळीत झालेल्या बिडाच्या तळावर बेसनाची पातळ, तांबूस खरपुडी धरते आणि ती उलथन्याच्या एका ढकलण्याने अख्खी सुटून येते. आमच्या घरात या खरपुडीसाठी ताटाभोवती घाई होते. ज्वारीची भाकरी, ही भाजी, कच्चा कांदा आणि ताक एवढ्यावर रात्रीचे जेवण पूर्ण होते. थंडीच्या दिवसांत दमून घरी आल्यावर यापेक्षा जास्त दिलासा देणारे काही मला माहीत नाही.

हरभऱ्याची डाळ घालून केलेल्या कोबीच्या भाजीविषयी मात्र मी कमी उत्साहाने लिहीन. डाळ दोन-तीन तास भिजवलेली असली तरी तिला शिजायला कोबीपेक्षा जास्त वेळ आणि ओलावा लागतो. कढई गरम आणि कोरडी असल्याने डाळ वरून टणक होते आणि आत कच्ची राहते. त्यामुळे आता मी डाळ वेगळी, बोटाने दाबली तर मोडेल पण आकार सोडणार नाही इतपत शिजवून घेते आणि निथळून कोबीबरोबर परतते. मटार आणि बटाटा घालून केलेली भाजी चांगली होते, तीत विशेष सांगण्यासारखे काही नाही. बटाट्याच्या फोडी आधी परतून घ्याव्यात इतकेच.

कोबी हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला आहे, आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत होणारा कोबीचा फुगाद मी याच कढईत करायला शिकले. कांदा, हिरवी मिरची आणि थोडे आले-लसूण तेलावर परतून, बारीक चिरलेला कोबी त्यावर घालून, शेवटी मूठभर ओला नारळ खवून टाकायचा, इतकीच त्याची कृती मला एका गोवेकर शेजारणीने सांगितली. नारळ घालायची वेळ महत्त्वाची आहे. बिडाची कढई आच बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे नारळ शेगडी बंद केल्यानंतर घालावा. चालू आचेवर घातला तर तो कोरडा पडतो आणि त्याचा ताजेपणा जातो. हा साठलेला ताव सगळ्याच भाज्यांच्या बाबतीत लक्षात ठेवावा लागतो. भाजी हवी तेवढी शिजण्याच्या मिनिटभर आधीच आच बंद करावी, उरलेले काम कढई स्वतः करते. पहिल्या महिन्यात ही गोष्ट ध्यानात न आल्याने माझ्याकडून बऱ्याच भाज्या जास्त शिजल्या होत्या.

पाठारे प्रभूंच्या घरांत होणारे भानोले हाही कोबीचाच एक सुंदर प्रकार आहे. बारीक चिरलेला कोबी, बेसन, वाटलेला मसाला आणि नारळ एकत्र करून जाड भांड्यात भाजायचे, आणि पूर्वी त्यासाठी खाली व झाकणावर दोन्हीकडे निखारे ठेवत. घरात ओव्हन नसल्यामुळे मी हे मिश्रण कढईत दोन बोटे जाडीचे थापून, जड झाकण ठेवून, सर्वांत बारीक आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवले आणि मग थाळीवर उलटून दुसरी बाजू भाजून घेतली. तीन किलोंची तापलेली कढई उलटणे हे एकट्याचे काम नाही. माझ्या नवऱ्याने ती धरली आणि मी थाळी धरली. खालची बाजू ओव्हनमध्ये येणार नाही इतकी सुरेख खमंग झाली होती. तरीसुद्धा हा प्रकार मी नेहमी करीन असे सांगता येत नाही.

कोबीच्या पचडीसाठी या कढईची काहीच गरज नाही. पचडीचे सगळे सौंदर्य विळीवर किती बारीक चिरले जाते यात आहे. चिरलेल्या कोबीला लिंबू, मीठ, दाण्याचा कूट आणि कोथिंबीर लावून वर छोट्या कढल्यातली जिरे-हिंगाची फोडणी घातली की झाले. तेवढ्या फोडणीसाठी हे अवजड भांडे तापवणे म्हणजे गॅस वाया घालवणे होय.

आता जिथे ही कढई कमी पडते त्या गोष्टी सांगते. आंबट पदार्थांशी तिचे जमत नाही. कोबीत टोमॅटो घालून रसदार भाजी करण्याचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा भाजीचा रंग मळकट झाला आणि जिभेला लोखंडाची चव लागली. शिवाय टोमॅटोच्या आंबटपणाने कढईचा तेलाचा थर जागोजागी उडाला आणि तो पुन्हा बसवण्यात एक रविवार गेला. म्हणून लिंबूसुद्धा मी भाजी ताटात वाढल्यावरच पिळते. जांभळा कोबी या कढईत करू नये. त्याचा रंग आंबटपणात लालसर राहतो आणि आंबटपणा नसेल तर निळसर होत जातो. तो निळेपणा बिडात आणखी गडद होऊन भाजी करडी-निळी दिसते. ती खायला अपायकारक नाही, पण घरातल्या मुलांनी तिला हात लावला नाही.

शिजलेली भाजी या कढईत ठेवून चालत नाही. झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी लागते. एकदा रात्रीची उरलेली भाजी मी तशीच ठेवली आणि सकाळी कोबीच्या कडा काळपट पडलेल्या होत्या, वर धातूची तुरट चव आली होती. त्यामुळे ज्या घरात सकाळी भाजी करून ती दुपारपर्यंत कढईतच झाकून ठेवायची सवय आहे, त्या घरात या भांड्याबरोबर ती सवयही बदलावी लागेल. दोन कान असल्यामुळे दोन्ही हातांत जाड फडके घेऊनच ती उचलता येते. सांडशीने इतके वजन धरण्याचा प्रयत्न कुणी करू नये. ज्यांची मनगटे दुखतात किंवा ज्यांना वयामुळे जड भांडी उचलणे अवघड जाते, त्यांना ही कढई मी सुचवणार नाही. सासूबाई तिच्यात भाजी आनंदाने करतात, पण ती घासायला किंवा ओट्यावरून खाली घ्यायला त्यांना आम्ही देत नाही. बीड ठिसूळ असते हेही लक्षात ठेवावे. दगडी ओट्यावर किंवा फरशीवर पडली तर कढई पोचण्याऐवजी तडकू शकते, आणि तापलेली असताना तिच्यावर गार पाणी ओतले तरी तडा जाण्याचा धोका असतो.

पुष्कळ लोक बिडाची आणि लोखंडाची कढई एकच समजतात, आणि दुकानातही कधी कधी एकीच्या नावाने दुसरी दाखवली जाते, म्हणून फरक लिहून ठेवते. लोखंडी कढई पत्रा ठोकून घडवलेली असते. ती पातळ, तुलनेने हलकी, लवकर तापणारी आणि लवकर निवणारी असते; पडली तर पोचते, फुटत नाही. बिडाची कढई वितळलेला धातू साच्यात ओतून केलेली असते. ती जाड, जड आणि पृष्ठभागाला किंचित कणीदार असते, आणि बोटाने वाजवली तर तिचा आवाज बसका येतो. पत्र्याच्या लोखंडी कढईतही कोबीची भाजी चांगली होते, विशेषतः दोन माणसांपुरती, कारण तेव्हा कोबीचा ढीग लहान असतो आणि ताव टिकून राहतो. चार-पाच माणसांसाठी करायची असेल तर मी बिडाचीच निवडीन.

आकाराविषयी विचार करताना शिजलेल्या भाजीकडे न पाहता चिरलेल्या कच्च्या कोबीकडे पाहावे. शिजल्यावर कोबी निम्म्यावर येतो, पण सुरुवातीचा ढीग कढईत मावला पाहिजे आणि शिवाय उलथने फिरवायला जागा राहिली पाहिजे. माझ्या २६ सेंटिमीटरच्या कढईत ६०० ग्रॅम कोबी नीट होतो. ७०० ग्रॅमला काठावरून सांडू लागतो, आणि महत्त्वाचे म्हणजे थर जाड झाल्यामुळे वाफ आतच अडकते आणि पुन्हा तीच उकडलेली भाजी होते. पाहुणे येणार असतील तर मी भाजी दोन घाण्यांत करते. तळाचा मधला भाग थोडा सपाट असल्यामुळे ती इंडक्शनच्या शेगडीवरही चालते, मात्र तिथेही सुरुवात बारीक तापमानावरच करावी.

भांड्याची परीक्षा करताना कोबीवरही अन्याय होऊ नये, म्हणून गड्ड्याच्या निवडीविषयी थोडे लिहिते. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड वाटणारा, पाने घट्ट मिटलेली असलेला आणि दांड्याचा कापलेला भाग ताजा पांढरा असलेला गड्डा घ्यावा. दांडा तपकिरी पडून भेगाळला असेल तर तो बरेच दिवस पडून राहिलेला असतो. गोल्डन एकरसारखे लहान, गोल, किलो-सव्वा किलोचे गड्डे परतण्याच्या भाजीसाठी मला अधिक आवडतात. मोठे चपटे गड्डे मी पीठ पेरण्यासाठी वापरते. उन्हाळ्यातला सैल गड्डा मात्र या कढईतही निम्माच सुधारतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. धुतलेला कोबी चिरण्याआधी पूर्ण निथळू द्यावा. घाईत ओलाच चिरून टाकल्यास कढईचा निम्मा ताव ते वरचे पाणी उडवण्यातच जातो.

लोखंडाच्या आणि बिडाच्या भांड्यांत शिजवल्याने अन्नातले लोह वाढते, हे खरे आहे, आणि दुकानदारही हेच आग्रहाने सांगतात. परंतु ते वाढण्याचे प्रमाण पदार्थ किती आंबट आहे आणि किती वेळ शिजतो यावर अवलंबून असते. दहा-बारा मिनिटांत होणाऱ्या, आंबटपणा नसलेल्या कोबीच्या भाजीतून या मार्गाने फार मोठा लाभ होईल अशी अपेक्षा धरून कुणी ही कढई घेऊ नये, आणि रक्तातले लोह कमी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल तर औषधाऐवजी तर मुळीच नाही. चवीसाठी घ्यावी, तेवढे कारण पुरेसे आहे.

सांभाळाचे म्हणाल तर पहिल्या दोन महिन्यांनंतर तो सवयीचा होतो. भाजी काढून घेतली की कढई कोमट असतानाच गरम पाणी आणि नारळाच्या काथ्याने घासावी, तारेची घासणी आणि चिंच वापरू नये. नंतर ती लगेच पुसून, मिनिटभर शेगडीवर कोरडी करून, तेलाचा पातळ हात फिरवून ठेवावी. भांडी घासायला येणाऱ्या ताईंना हे समजावून सांगण्यापेक्षा ही एक कढई मी स्वतःच धुते. पावसाळ्यात आठ दिवस वापरली नाही तर कानांच्या बेचक्यात तांबेरा दिसतो. तो खडे मिठाने घासला की जातो.

झाकणाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दुकानात मिळणारे त्याच मापाचे बिडाचे झाकण आणखी दीड किलोचे आहे आणि त्याची वेगळी किंमत ८५० रुपये सांगितली गेली, ती मला पटली नाही. सध्या मी स्टीलची खोलगट थाळी उलटी न ठेवता सुलटी ठेवते आणि पीठ पेरलेल्या भाजीच्या वेळी तिच्यात पेलाभर पाणी ओतते. वाफ नीट कोंडली जाते आणि ते तापलेले पाणी नंतर कढई धुवायला उपयोगी पडते. मुलगी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी नाशिकला राहायला जाते आहे. तिच्यासाठी मी हीच कढई, पण २० सेंटिमीटरची, त्याच दुकानात सांगून ठेवली आहे आणि घरी आणून कढईला तेलाचे थर देऊनच मुलीच्या सामानात ठेवणार आहे.